एकाच नावाच्या दोन पॉलिसी

दिनांक २१ सप्टेंबर २००४

मी, शिवशरण मल्लिकार्जुन आजरी, वय ४३ वर्षे, शिक्षण बी.कॉम., धंदा नोकरी (शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत स्टोअरकीपर), राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते येणेप्रमाणे. हवालदार आकाराम खोत यांनी प्रश्न विचारले. माझे अक्षर बरे असल्याने जबाब माझ्याच हाताने लिहून देण्यास त्यांनी सांगितले, म्हणून मी लिहीत आहे.

मी वरील पत्त्यावर आई अक्काताई, वय ७६, व पत्नी यांच्यासह राहतो. मूलबाळ नाही.

विमा कंपनीच्या कोल्हापूर शाखेने माझ्याविरुद्ध दिलेला अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. अर्जाचा मतलब असा की, सन १९९७ मध्ये माझी पत्नी सौ. दानेश्वरी शिवशरण आजरी ही मयत झाल्याचे दाखवून मी तिच्या पॉलिसीची रक्कम उचलली. प्रत्यक्षात सदर दानेश्वरी ही हयात असून २००१ सालापासून तिच्या नावे दुसरी पॉलिसी चालू आहे आणि तिचे हप्ते मीच भरत आहे. सबब ही फसवणूक आहे व तीत पती-पत्नी दोघेही सामील आहेत.

यावर माझे म्हणणे असे की, मयत दानेश्वरी वेगळी आणि हयात दानेश्वरी वेगळी. दोघींशी माझे लग्न झाले. एकीच्या मृत्यूनंतर दुसरीशी.

हे ऐकून हवालदारांनी हातातला अर्ज खाली ठेवला व ते म्हणाले, "दोघींचं नाव एकच? आणि आडनाव, नवरा, पत्ता समदं त्येच?"

मी हो म्हणालो.

"मग नंबर घालून लिवा, पावणं. पहिली आणि दुसरी. न्हायतर साहेब वाचतील आणि माझ्याच डोस्क्यात फाईल घालतील."

म्हणून यापुढे मी पहिली पत्नी व दुसरी पत्नी असे लिहीत आहे. दुसरी पत्नी माझ्याबरोबर आली असून बाहेर बाकावर बसली आहे.

पहिल्या पत्नीशी माझे लग्न १९९० साली जयसिंगपूर येथे झाले. तिच्या वडिलांचे तेथे धान्याचे दुकान होते. दानेश्वरी हे तिचे माहेरचे नाव. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची पद्धत आहे. मी त्या वेळी तेच नाव लिहिले. बदलावे असे मला वाटले नाही. ती घरी ब्लाउज शिवण्याचे काम करीत असे. शेजारचे विजयसिंह घाटगे हे विम्याचे एजंट होते, त्यांच्यामार्फत १९९४ मध्ये तिची पॉलिसी उतरवली. नोव्हेंबर १९९७ मध्ये ती काविळीने मयत झाली. महानगरपालिकेच्या वहीत तिची नोंद असून तिच्या मृत्यूचा दाखला मी आज हजर केला आहे. आम्ही लिंगायत, आमच्यात दफन करतात; त्या वेळी माझ्याबरोबर फाउंड्रीतील चार जण होते, त्यांची नावे लागल्यास देईन.

तिच्याबद्दल आणखी काही सांगायचे आहे का, असे हवालदारांनी विचारले. मी नाही म्हणालो.

दुसरे लग्न १९९९ साली झाले. दुसरी पत्नी गडहिंग्लज तालुक्यातील नूल गावची. त्या घरचे लोक कानडी व मराठी दोन्ही बोलतात. लग्नाच्या दिवशी तांदळाचे ताट माझ्यासमोर आले तेव्हा कोणते नाव लिहायचे हे माझे ठरलेले नव्हते. आई मागे उभी होती. ती म्हणाली, "दानेश्वरीच लिही. घराच्या तोंडात बसलंय ते. रेशनकार्डावर बी तेच हाय, खोडाखोड नको."

रेशनकार्डावरून पहिल्या पत्नीचे नाव कमी करायचे राहून गेले होते, हे खरे आहे. त्यासाठी मी पुरवठा कार्यालयात दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा अर्ज खिशात ठेवून परत आलो. त्यामुळे आईचे म्हणणे सोयीचे होते. पण मी ते नाव सोयीसाठी लिहिले नाही. हवालदारांनी विचारले, मग कशासाठी? मी सांगितले की, पहिली पत्नी गेल्यापासून घरात ते नाव कोणी उच्चारत नव्हते. मला ते ऐकायचे होते.

अंगठी तांदळावर फिरत असताना नवरीची मान खाली होती. ताट तिच्यापुढे केले तेव्हा तिने ते नाव वाचले आणि माझ्याकडे पाहिले. तिला पहिल्या पत्नीचे नाव माहीत होते. स्थळ आले तेव्हाच ते सांगितले गेले होते. तिच्या भावाने, अमरेशने, "हे कसलं नाव?" असे विचारले होते. त्याला जाणत्या माणसांनी गप्प केले.

त्यानंतर आई तिला दिवसभर त्या नावाने हाका मारू लागली. पहिले काही महिने आईने हाक मारली की मी दाराकडे पाहत असे. दारात दुसरी पत्नी येई. मी मान वळवीत असे ते तिने पाहिले आहे.

२००१ मध्ये विजयसिंह घाटगे यांनीच दुसऱ्या पत्नीची पॉलिसी उतरवली. फॉर्म भरताना ते हसून म्हणाले होते, "बरं झालं शिवशरण, मला पत्ता बी इचारायला नको, जुनाच फॉर्म समोर ठिवून भरतो की." त्यांना दोन्ही पत्नी माहीत आहेत. यात त्यांनी काही लपवले नाही. आता त्यांनी एजन्सी सोडली असून ते चंदगडला काजूच्या धंद्यात आहेत. त्यांचा जबाब घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

मागील जून महिन्यात मी हप्ता भरण्यासाठी विमा कंपनीच्या शाखेत गेलो. तेथून पुढे महाद्वार रोडला बांगड्या भरायच्या होत्या म्हणून दुसरी पत्नी बरोबर होती. शाखेत नवे कॉम्प्युटर बसवले होते. आमच्या मागे दहा-बारा माणसांची रांग होती. खिडकीवरच्या गृहस्थांनी पॉलिसीचा क्रमांक घातला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा घातला आणि म्हणाले, "ह्यो हप्ता घेता येत न्हाय. ह्या बाई मयत दाखवत्यात."

दुसरी पत्नी पुढे झाली व म्हणाली, "कोण मयत?"

"सौ. दानेश्वरी शिवशरण आजरी."

"ती मीच की हो."

"तुम्ही असशीला वैनी. पण कॉम्प्युटरात तुम्ही मेलायसा. सत्त्याण्णव सालीच."

मागून कोणीतरी म्हणाले, "आणि तेराव्याचं जेवाण घातलं न्हाय व्हय अजून?" रांगेतले लोक हसले. दुसरी पत्नीही हसली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, सांगा की यांना."

मी हप्त्याची नोटीस घडी करून खिशात घातली, "नंतर येतो" म्हणालो आणि बाहेर पडलो. ती माझ्या मागून आली. बांगड्या भरायला आम्ही गेलो नाही.

त्याच वेळी खुलासा का केला नाही, असे हवालदारांनी विचारले. ते म्हणाले, "दोन वाक्यांचं काम हुतं. पहिली वारली, ही दुसरी, नाव तेच ठिवलं. लोकं चार दिस हसली असती आणि इसरली असती. पळून गेलासा म्हणून तर संशय आला."

रांगेत ओळखीची माणसे होती, असे उत्तर मी त्यांना आधी दिले. ते खरे आहे, पण कारण ते नाही. खुलासा करायचा तर दुसऱ्या पत्नीच्या समोर सांगावे लागले असते की, यंत्रात जी मयत आहे तिचेच नाव मी हिला दिले. हे तिला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. परंतु तिच्यासमोर ते माझ्या तोंडून कधी निघालेले नाही. त्या दिवशीही निघाले नाही. ती रांगेसमोर माझ्या उत्तराची वाट पाहत उभी राहिली आणि मी जिन्याकडे निघालो. या गोष्टीची मला लाज वाटते. लाज वाटते हे जबाबात लिहायचे नसते, असे हवालदारांनी सांगितले. तरी लिहिले आहे.

त्यानंतर कंपनीची दोन पत्रे आली. मी त्यांना उत्तर दिले नाही. ऑगस्टमध्ये कंपनीचे एक तपासनीस घरी आले. मी कामावर होतो. त्यांनी शेजारी विचारले, दानेश्वरी आजरी येथे राहतात का? शेजाऱ्यांनी सांगितले, राहतात की, आत्ताच गिरणीला दळण घेऊन गेल्या. मग ते घरात आले. आई खाटेवर होती. त्यांनी आईला विचारले की दानेश्वरीबाई कधी वारल्या. आई त्यांच्यावर ओरडली, "वारायला काय झालंय तिला? माझी सून जिती हाय, धडधाकट हाय! कुणी धाडलंय रं तुला असलं वंगाळ बोलायला?" आईने तिच्या समजुतीप्रमाणे उत्तर दिले. तिला खोटे बोलायचे नव्हते. तपासनिसांनी ते तसेच लिहून नेले. त्यांचा अहवाल मुंबईच्या कचेरीत गेला आणि तेथून पोलिसांत अर्ज देण्याचा हुकूम आला.

अर्ज झाल्याचे कळल्यावर मी शाखेत एकटा गेलो. नव्या यंत्रणेसाठी पुण्याहून आलेल्या श्रीमती कर्णिक यांनी मला बसवून घेतले व सर्व दाखवले. त्यांनी सांगितले की, विमा कचेरी एक दिवसही बंद ठेवता येत नाही, त्यामुळे जुने सगळे काढून नवे बसवणे शक्य नसते. म्हणून त्यांची कॉम्प्युटरची कंपनी हे काम सुट्या भागांत करून देते. हप्ता घेण्याचा भाग आधी बसला. पावत्या व पत्रे छापण्याचा नंतर बसला. जुन्या भागाला हात न लावता नवा भाग त्याला जोडता येतो. मी स्टोअरमध्ये पंपाचे सुटे भाग सांभाळतो, त्यामुळे मला हे लगेच समजले. या वर्षी जो भाग जोडला त्याचे काम, एकाच माणसाच्या जितक्या पॉलिसी असतील तितक्या शोधून एका ठिकाणी आणणे. त्याच वेळी जुने मृत्यूचे दावेही त्यात चढवले गेले.

यंत्राने दोन्ही पत्नींचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव व पत्ता ताडून पाहिला. सर्व एक निघाले. जन्मतारीख दोघींचीही एक जून आहे, कारण दोघींच्याही शाळेत मास्तरांनी बहुतेक मुलांना एक जूनच लावली होती. फक्त साल वेगळे आहे. एवढा फरक म्हणजे फॉर्म लिहिणाऱ्याची चूक, असे यंत्र धरते. म्हणून त्याने दोघींची मिळून एक बाई केली. ती मयतही आहे आणि हप्तेही भरते आहे.

मी श्रीमती कर्णिक यांना विचारले की, आता या दोघी वेगळ्या करता येतील का.

त्या म्हणाल्या, "एकत्र करायची सोय या भागात आहे. सुट्या करायची सोय पुढच्या टप्प्यातल्या भागात येणार आहे. तोपर्यंत मुंबईला लिहावं लागतं. आणि त्यांना पुरावा लागेल की या दुसऱ्या बाई लग्नाच्या आधीही कुठेतरी होत्या, वेगळ्या नावानं."

मी माझे कागद गोळा करून उठू लागलो. तेव्हा त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "रागावू नका, पण यात यंत्राचं काही चुकलं नाही. एका नवऱ्याच्या दोन बायका, दोघींचं नाव सारखं, असं कोण धरून चालेल?"

मला राग आला नव्हता.

दुसरी पत्नी लग्नाआधी कोण होती याचा कागद माझ्या घरात एकही नाही. रेशनकार्ड, मतदार यादी, गॅसचे पुस्तक, पॉलिसी, सगळीकडे एकच नाव आहे. तिचा भाऊ अमरेश नूलच्या शाळेतून तिचा दाखला काढून आणणार आहे. त्याला मी फोन केला तेव्हा त्याने पहिल्यांदा एवढेच विचारले, "तुम्हाला आत्ता आठवलं व्हय, दाजी?" मग तो दाखला आणतो म्हणाला.

पहिल्या पत्नीच्या ओळखीसाठी मी तिचा भिंतीवरचा फोटो काढून आणला व हवालदारांसमोर ठेवला. आमच्यात मयत माणसाच्या नावाआधी लिंगैक्य लिहितात, तसे फोटोखाली नाव लिहिलेले आहे. हवालदारांनी ते मोठ्याने वाचले, "लिंगैक्य सौ. दानेश्वरी शिवशरण आजरी." दार उघडे होते.

त्यांनी विचारले, "ह्यो फोटो घरात कुठं असतोय?"

मी सांगितले, देवघराच्या शेजारी.

"फुलं कोण घालतं?"

मी सांगितले, दुसरी पत्नी.

"रोज?"

रोज.

"वाचाय येतंय त्यास्नी?"

मी सांगितले की तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे.

हवालदारांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "हे काय जबाबात घालू नगा. केसला त्याची गरज न्हाय." मी त्यांना म्हणालो की, मला ते घालायचे आहे. त्यांनी पुन्हा मनाई केली नाही.

घरात तुम्ही दुसऱ्या पत्नीला काय म्हणून हाक मारता, हा पुढचा प्रश्न होता. मी सांगितले की, नावाने मारत नाही. अगं, किंवा ऐकतेस का, असे म्हणतो. हवालदार म्हणाले, "मी बी मालकिणीला कवा नावानं बोलवलं न्हाय. त्यात काय लिवायचं?" त्यांच्या घरची रीत असेल. माझे कारण वेगळे आहे. जे नाव मी तिला दिले, ते तिला उद्देशून माझ्याने म्हणवत नाही. पाच वर्षांत एकदाही म्हणवले नाही. मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे होते, आणि ते ओझे मी तिच्यावर ठेवले. तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारणारे या घरात कोणी नाही.

या व्यवहारात दुसऱ्या पत्नीचा कोणताही दोष नाही. तिने कोणत्याही खोट्या कागदावर सही केलेली नाही. तिने केलेली प्रत्येक सही ही मी दिलेल्या नावाची आहे. अर्जात तिला सामील म्हटले आहे ते काढून टाकावे. चौकशी व्हायची ती माझी व्हावी.

नूलच्या शाळेला ठाण्यातून पत्र द्यायचे असल्याने हवालदारांनी तिचे माहेरचे नाव विचारले. मी सांगितले. पंख्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेले नाही. ते म्हणाले, "मोठ्यानं बोला की पावणं. लाजायला काय झालं, बायकोचंच नाव हाय न्हवं?"

मी मोठ्याने म्हणालो, "गौरव्वा."

बाहेर बाकावरून "हां, आले" असा आवाज आला. माझी पत्नी पदर सारखा करीत दारात येऊन उभी राहिली. आपल्याला कोणी हाक मारली हे ती पाहत होती. आत मी आणि हवालदार दोघेच होतो. तिने हवालदारांकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

हवालदार तिला म्हणाले, "तुमचा जबाब मागनं, वैनी. आत्ता तुम्हाला न्हाय बोलवलं." नंतर मला म्हणाले, "लिवा. हाक मारल्याबरोबर ओ दिली म्हणून लिवा. दाखला येईल तवा येईल. दोघी हायत्या, माझी खात्री पटली."

त्याप्रमाणे लिहिले आहे.

हवालदारांनी तिला पुन्हा बाकावर बसण्यास सांगितले. ती बसली नाही. मी हे लिहीत असताना ती दारातच उभी आहे.

हा जबाब हवालदार खोत यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मी सांगितला तसाच तो आहे, त्यात कमी-जास्त करायचे नाही. वाचताना माझी पत्नी गौरव्वा हजर होती.

(सही)
शिवशरण मल्लिकार्जुन आजरी

समक्ष
आकाराम खोत, पोलीस हवालदार